रविवारचा मजकूर, माशेल

संपादक म्हणाला, अर्धं मोर्च्यावर लिहा
आणि अर्धं, या मोसमात काय बघावं त्यावर.

तर आधी मोर्चा.
तिठ्यावर डोंगरकापणीविरुद्ध शंभरेक जण बसलेत,
त्यांतले तीस फोटोपुरते.
पोदेराची सायकल अडली, पाव निवाले.
बाळंतिणीची रिक्षा मात्र सोडली, तेही नोंदवतो.
माझं मत जुनंच आहे:
रस्ता अडवून डोंगर वाचत नाही.
अर्ज करावा, पोच घ्यावी, थांबावं.
सत्त्याऐंशी सालापासूनच्या पोचपावत्या आहेत माझ्याकडे.
फाईल जाड झालीय,
डोंगर बारीक.
ही ओळ गाळायची तर गाळा.

आता मोसम.
आंतोनच्या अंगणातला नाताळचा गोठा चुकवू नका,
यंदा त्यात खरी नाचणी उगवलीय, बोटभर.
नवं तियात्र सरकारवर आहे;
हसा, पण तिकीट काढून.
नातीने मोबाइलवर एक कोरियन मालिका दाखवली,
सोळा भाग सगळे रडतात,
घोषणा कोणीच देत नाही. उत्तम आहे.

आणि जत्रेचं नाटक.
राजा आमचा पुंडलिक च्यारी,
तोच, तिठ्यावर ओरडणारा.
काल तालमीला आला लाल धुळीच्या पायांनी,
पाय धुतले, चपला सरळ लावल्या,
रंगमंचाला हात लावून कपाळाला नेला,
मग मुकुट.
आमच्या वेळची शिस्त, दुसरं काय.

राजाचं वाक्य होतं: प्रजेने धीर धरावा.
घसा बसलेला, निघेना त्याच्याकडून.
पुस्तक माझ्या हातात.
दोनदा पुटपुटलो मी ते.
तिसऱ्यांदा पान उलटलं.

नाटक रात्री दहाला.
खुर्ची घरून आणावी.