रकाना

रविवारी शटर पूर्ण ओढलं, कुलूप दोनदा तपासलं.
फार्मासिस्ट जागेवर नसताना दुकान उघडं ठेवणं गुन्हा आहे
हे मला कुणी न शिकवताही पाठ.
मग निघालो अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेला.

होटगी रस्त्यावरचा हॉल. बाहेर बेचाळीस अंश,
आत तीन पंखे, त्यातला एक नुसताच हजर.
सही केली की निळी फाईल मिळते,
फाईलमध्ये पेन, ते लिहीत नाही.
पुढे नुकती पास झालेली पोरं,
मागे आम्ही, डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि जेवणाआधीच्या आपापल्या गोळ्या.

शेटफळकर मॅडम बार्शीहून आलेल्या, एसटीनं.
म्हणाल्या, कायदा चाळीसचा, दुसरा अठ्ठेचाळीसचा.
माझा बाप तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर उठायचा,
त्याला कायदा एकच माहीत होता, भोंग्याचा.

अनुसूची एच. मग एच-वन. लाल रेघ.
वेगळी वही ठेवा. रकाने आखा.
डॉक्टरचं नाव, पत्ता. रुग्णाचं नाव.
औषध कोणतं. किती दिलं.
"आणि ही वही तीन वर्षं जपा."

तीन वर्षं.
माझ्या गल्ल्याखाली आठ वर्षांची एक वही आहे,
लाल पुठ्ठ्याची, वाळवीनं एक कोपरा चाखलेली.
दर दिवाळीला बायको विचारते, रद्दीत घालू?
मी म्हणतो, इन्स्पेक्टर येईल.
इन्स्पेक्टर येतो, चहा घेतो, यंदाची वही बघतो, जातो.

त्या वहीत मल्लेशम कोंड्याल आहे.
टॉवेलच्या मागावर रात्रपाळी, बायको बिड्या वळणारी.
आमच्या काउंटरवर दुखणं कन्नडात येतं,
घासाघीस तेलुगूत होते, उधारी मराठीत लिहिली जाते.
तो मात्र उधार मागायचा नाही.
दहा दिवसांचं औषध, दहा दिवसांनी पुन्हा,
खिशातून निघालेल्या नोटांना सुताचा कोंडा.
माझं अक्षर प्रत्येक वेळी तेच:
एथॅम्ब्युटॉल, तीस. एथॅम्ब्युटॉल, तीस.
सात नोंदी.
सातवीच्या वेळी हसून म्हणाला,
"अन्ना, खोकला गेला की. आता कशाला?"
मागे गिऱ्हाईक उभं होतं, सुट्ट्या पैशांचा घोळ चालू होता.
मी म्हणालो, "घेत राहा."
दोनच शब्द. तेही पैसे मोजत.

आठवी नोंद नाही.
पानावर तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव आहे,
दुसऱ्याच कुणाची गोळी, तारीख बरोबर,
सही बरोबर. कायद्यानं बोट ठेवावं असं काही नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हात वर केला.
पोरं मागे वळली.
"मॅडम, जो आलाच नाही,
त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?"

पंख्याचा आवाज.
मॅडमनी पुस्तिकेचं एक पान उलटलं, परत आणलं.
"तसा रकाना नाही सर,"
आणि थोड्या वेळानं, माईक बाजूला धरून,
"माझ्या काकाचंही असंच झालं होतं."
मग माईक तोंडाशी आणून म्हणाल्या, चहा तयार आहे.

संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. माझं नाव चुकलं होतं,
यंबळऐवजी एमूल.
दुरुस्त करून घेतलं नाही. लोकांची नावं आपणही
कुठे नीट धरून ठेवतो.

सोमवारी सकाळी अशोक चौकातून येताना
पाच रुपयांची पट्टी घेतली, पेन्सिल घेतली.
नव्या वहीत शेवटच्या रकान्यापुढे एक रेघ ओढली,
वाकडी आली, खोडली नाही.
वर काही लिहिलं नाही.
खाली तारीख टाकली, आजची नव्हे,
दहा दिवसांनंतरची,
आणि समोर उभ्या बाईला विचारलं,
"घर कुठं आलं तुमचं? गल्ली सांगा.
नाही, बिलासाठी नाही."