वरील मजकूर

कोर्टनाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला पाठ लावून
माझं टेबल. मशीनचा 'ळ' अडकतो,
म्हणून कळव्याच्या लोकांना माझ्याकडे जरा वेळ लागतो.

काल चांगदेव मढवी आले, विटाव्याचे.
म्हणाले, अठ्ठ्याण्णवला मी लिहून दिलंय,
माझी सगळी प्रतिज्ञापत्रं खोटी धरावीत.
भावकीचा वाद होता. शब्द वकिलाचे, सही माझी.
आता लिहा, ते खोटं होतं.

मी लिहिलं. खाली नेहमीची ओळ टाकली:
'वरील मजकूर खरा व बरोबर आहे.'
आणि बोटं थांबली.
सगळी, म्हणजे तेही.
सगळी, म्हणजे हेही.

रात्री कोपरीला, भाकरी मोडता मोडता शर्मिष्ठाला सांगितलं.
ती चौदाव्या शतकातल्या पाद्र्यांची लॅटिन कोडी
आजच्या चिन्हांत बसवते. उलटा ए, आडवा बाण.
तिच्या वहीत माणसं नाहीत,
सगळ्यांचं नाव प.

म्हणाली, बाबा, 'मी खोटं आहे' म्हणणाऱ्या वाक्याला
ते लोक 'न सुटणारं' म्हणायचे.
मग त्यांच्यातला एक म्हणाला,
कुठलंच वाक्य एक गोष्ट सांगून थांबत नाही.
जे सांगायचं ते सांगतं, वर
दबक्या आवाजात हेही, की मी खरं आहे.
म्हणजे हे वाक्य दोन्ही बोलतं.
दोन्ही जमणार कसं? म्हणून खोटं.
नुसतं खोटं. सुटलं.

मी म्हटलं, त्या दबक्या ओळीचे आम्ही पाच रुपये जास्त घेतो.

ती हसली नाही. तुमच्या ओळीत 'वरील' आहे, म्हणाली,
ती स्वतःला मोजतच नाही. तिच्याखाली कोण?
नोटरीचा शिक्का.
शिक्क्याखाली?
टेबल, म्हटलं. टेबलाखाली फुटपाथ,
फुटपाथखाली महापालिका जे काय पुरून ठेवते ते.

दोन वाजता तिच्या खोलीत दिवा होता.
चौथ्या पायरीवर अडलंय, म्हणाली.
प खोटं, एवढं मी सिद्ध केलं,
आणि प तेच तर म्हणत होतं.

आज मढवी कागद न्यायला आले.
चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून वाचला,
शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.
हे मी बोललो नव्हतो.
नाही, म्हटलं, पण ते असतंच.

रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.
त्यांनी सही केली, हळूहळू, काना काना ओढत,
आणि पेन परत देताना विचारलं,
ही सही वरील मजकुरात धरायची का?