फोन ठेवू नका

गॅस एजन्सीनं तिसऱ्यांदा कापला.
"कर्ज नको, मॅडम," म्हणाला पोरगा.
यंत्राचा आवाज बाईचा आहे, पुण्याकडचा,
कधी न शिंकलेला.

म्हणून पहिल्याच बटणावर आता हे ठेवलंय:
'फोन ठेवू नका. मी नरसिंग बोल्ली. माणूस आहे.
एका बोटानं लिहितो, वेळ लागतो.'

वेळ म्हणजे, एका वाक्याला
शेजारच्या मागावर चार बोटं चादर पुढं सरकते.

काल विडी घरकुलात अक्काला लावला.
घरातली तेलुगू याला येत नाही,
म्हणून सोलापुरी शिकवून पाहिली:
'काय करलालीस गं?'
त्यानं ते असं वाचलं
जशी महापालिकेची नोटीस.
अक्का हसली, खोकला येईपर्यंत.

मग मी पुढचं लिहीत बसलो.
तिकडनं पानांवर चालणारी कात्री,
पंखा,
मधेच कात्रीही थांबलेली.
एकदाही 'हॅलो, हॅलो' नाही.

म्हणाली, "बोलतंय ते कोण की, बाबा.
तू गप्प होतास ना, मागं माग वाजत होता,
तेवढं तुझं वाटलं."

सिलिंडर हलवून पाहिला. हलकाच आहे.
चौथ्यांदा लावतो.