एका माणसापुरतं

रोस्विटाच्या वहीत बटाट्याचं सॅलड
बारा जणांचं आहे.
अडीच किलो बटाटे, मोठे कांदे तीन,
व्हिनेगर अंदाजे.
मस्टर्ड चमचाभर, पण कुठला चमचा ते नाही.
आणि शेवटी, शिसपेन्सिलीनं:
आवाज येईपर्यंत ढवळावे.

तीन कांद्यांना बारानं भागलं की
पाव कांदा येतो.
उरलेला पाऊण मी बशीखाली झाकला.
तरी घरभर त्याचाच वास,
माझ्यावर नजर ठेवून असल्यासारखा.

चाळीस वर्षं मी लोकांची छपरं शाकारली.
कौल धड आहे की तडकलेलं
हे टिचकी मारून सांगायचो, डोळे मिटून.
स्वयंपाकघरात मात्र माझं काम एकच,
गरम बटाट्यांची सालं काढणं.
बोटं भाजत नाहीत माझी, राठ झालीत.
"बाकीचं मी बघते," ती म्हणायची
आणि बाकीचं
ती खरोखरच बघायची.

आज अकरावा दिवस.
रॉयटलिंगनच्या इस्पितळात तिच्या खुब्यात नवा सांधा बसवलाय,
खिडकीतून वाहनतळ दिसतो,
आणि शेजारच्या खाटेवर हाम्बुर्गच्या ल्यूडर्सबाई आहेत
ज्या सॅलडमध्ये मेयोनीज घालतात.
हे ती मला दबक्या आवाजात सांगते,
जणू बाईंना काही संसर्गजन्य आहे.

दोन बटाटे घेतले. सोलले. काप केले,
पातळ, पण पलीकडचं दिसेल इतके नाहीत.
वर उकळतं सूप ओतलं, हाडांचं,
रविवारचं उरलेलं.
व्हिनेगर. मस्टर्ड. पाव कांदा.
तेल सगळ्यात शेवटी,
आधी घातलं तर बटाटा तोंड मिटून घेतो
आणि सूप पीत नाही. एवढं मला ठाऊक होतं.
ढवळलं.
काही नाही.
चमचा भांड्याला लागला, तेवढंच.

पुन्हा ढवळलं. कान खाली नेला.
एकाहत्तर वर्षांचा माणूस, भांड्यात कान घालून.
शेवटी फोन लावला.

"भांड्याजवळ धर," ती म्हणाली.
धरला.
"ढवळ. अरे, बटाटे आहेत, सिमेंट नव्हे. खालून वर घे."
घेतलं.
"सूप कमी आहे."
पळीभर घातलं.
"अजून."
"वाहून जाईल, रोस्विटा."
"जाऊ दे वाहून. अजून."

तेव्हा मी गुपचूप तिसरा बटाटाही त्यात कापला,
सकाळी परतून खायला उकडून ठेवलेला.
आणि एकदम जमून आलं.
पचक्.
पचक्, पचक्,
चिखलातून गमबूट निघावा तसं.
जेवताना असला आवाज केला की
आई पाठीत धपाटा घालायची.

पलीकडे ती काही बोलेना.
मग म्हणाली, "तीन बटाटे. कोण आलंय?"

"कोणी नाही.
दोन आवाज करत नाहीत."

तिकडून कपबशांची ढकलगाडी गेली.
ल्यूडर्सबाई काहीतरी विचारत होत्या,
रोस्विटानं फोनवर हात ठेवला असणार,
सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू आलं,
बराच वेळ.

"आता तेल घाल," ती परत आली. आवाज जरा बसलेला.
"आणि तासभर हात लावू नकोस. मुरू दे."
"बरं."
मी तेल घातलं
आणि ओट्याशी उभ्यानंच खायला लागलो, कोमट.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली.

उद्या थोडं बरणीत घालून नेईन,
कोटाच्या आतल्या खिशातून, कारण नर्स दारातच असते.
ल्यूडर्सबाईंसाठी चमचा न्यायचा की नाही
हे अजून ठरायचं आहे.