उसनी

मला आणलं तेव्हा माझ्या पायांत गाडीच्या बैलाचा साखळदंड होता.
भावानेच घातलेला. त्याचं काही चुकलं नाही;
त्याच्या झोपडीला मी दोनदा काडी लावली होती.

छावणीच्या तोंडाशी वोलासोआ उभी होती.
अंगात पांढरा झगा, बाह्यांवर तियोमेनाची धूळ.
(आमच्याकडे वाऱ्याला नाव असतं, आणि रंगही. हा लाल.)
तिने साखळीकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या घोट्यांकडे.
म्हणाली, "सगळ्या खोल्या भरल्यात. माझ्या घरात एक कोपरा आहे."
एवढंच.

आभाळ कोरडं राहिल्याचं ते तिसरं वर्ष.
मादागास्करच्या या दक्षिण टोकाला
लोक चिंचेत राख कालवून खात होते, पोटाला फसवायला.
निवडुंगाची बोंडं संपली, मग काटे जाळून पानं.
पिवळ्या डब्यातलं पाणी पैशाला मिळे,
पैसा कशालाच मिळत नसे.

ती मला दिवसातून दोनदा भरवायची.
मी थुंकायचो. तिच्या देवाला शिव्या घालायचो,
माझ्याही पूर्वजांना, कुणालाच वगळत नसे.
एका रात्री तिच्या मनगटाला कडकडून चावलो.
ती बाहेर गेली. कुडाच्या फटीतून दिसलं,
जखमेवर मीठ दाबून बसलेली,
आणि ऐकू आलं, थकलेल्या, जवळजवळ चिडलेल्या आवाजात:
"प्रभू, माझ्यातली दया आज संपली.
तुझी दे. उसनी.
सकाळपर्यंत पुरेल एवढीच."
शेजारणीच्या दाराशी रिकामी वाटी घेऊन उभं राहावं, तशी.

सकाळी ती आली. वाडगं तेच, चमचा तोच.
कुठून आणलं होतं तिने, मला कळलं नाही.

महिन्यातून एकदा झगा धुवायची, अर्ध्या बादलीत.
पाणी रक्तासारखं व्हायचं.
तेच मग मागच्या भोपळ्याच्या वेलाला.
त्या वेलाला एक भोपळा लागला. एकच.
आम्ही एकोणीस जण, एकोणीस फोडी,
आणि सुरीच्या पात्याला चिकटलेला गर तिचा.
शहरातून आलेल्या पाळकांनी डोळे मिटले, म्हणाले, चमत्कार!
ती म्हणाली, "शेण घातलं होतं, साहेब."

ऑगस्टमध्ये तिची धाकटी गेली. हागवणीने, दोन दिवसांत.
खड्डा खणायला कुणाच्या अंगात जोर नव्हता,
म्हणून उथळच खणला, वर दगड रचले तरसासारख्या भुकेल्या कुत्र्यांसाठी.
स्तोत्राचं पहिलं कडवं तिने म्हटलं,
दुसऱ्याला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी मी चमच्याची वाट पाहत नव्हतो.
चमचा आला. नेहमीच्या वेळी.
पण हात असा थरथरत होता
की पेज वाटेतच सांडत होती, तिच्या पदरात, मातीत.
तेव्हा मी पहिल्यांदा
मान पुढे केली.
चमच्यापर्यंत माझं तोंड मीच नेलं.
तिने काही म्हटलं नाही. मीही नाही.
वाडगं संपलं. तळाशी उरलेलं मी बोटाने तिच्याकडे सरकवलं.
तिने खाल्लं.

साखळी कधी निघाली, मला नीट आठवत नाही.
लोक मात्र तेवढंच विचारतात.

आता एक झगा माझ्या अंगात आहे. खांद्यात जरा आखूड.
काल एक पोरगं आणलं, दोराने बांधून, रेमानित्रा नावाचं.
मी कोपरा दाखवला. तो माझ्या तोंडावर थुंकला.
पाऊस यंदाही नाही.
वाडग्यात मक्याची पेज, निम्मी.
रात्री मी आत हात घालून पाहिला, खोलवर,
जिथे दया ठेवलेली असते असं म्हणतात.
मडकं कोरडं होतं.

थोडा वेळ तसाच बसलो.
मग वाटी उचलली
आणि शेजारचं दार वाजवलं.