अर्थ लूज

किल्ली फिरवली की आधी ऐकायचं.
टाकीच्या पोटात पंप दोन सेकंद गुणगुणतो,
डासाएवढा, मग गप्प.
तेवढं ऐकू आलं तर निम्मी काळजी मिटते.
डॉक्टर तोटगींच्या गाडीत ते कधी यायचं, कधी नाही,
आणि जांबोटी रस्त्यावर डावं वळण आलं
की गाडी चालता चालता डोळे मिटायची.

खानापुरात कौलांच्या भट्टीला लागून माझं गॅरेज.
मी कार्बोरेटरच्या काळातला.
मुल्ला उस्तादांनी शिकवलं: जेट काढ, फुंक मार,
पलीकडं वारा निघाला तर रस्ता मोकळा.
वीस वर्षं माझी जीभ हेच माझं मीटर.
आता इंजेक्टर, केसाएवढी भोकं,
आणि सीटखाली एक काळी डबी,
जी बोलत नाही, नुसता दिवा मिचकावते:
एक लांब, दोन आखूड.
मी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतो,
तक्त्यावर बोट फिरवतो. तक्ता म्हणतो, सेन्सर.
पंधरवड्यापूर्वी सेन्सर बदलला.
अठराशे रुपये.
परवा कणकुंबीच्या अलीकडं पुन्हा बंद.

आज ती टेम्पोतून आली.
मागं डॉक्टर उभे, एक हात टाकीवर,
दवाखान्यात न्यायच्या म्हशीला धरावा तसा.
माणूस बैलहोंगलकडचा,
मराठी गवळ्यांच्या गोठ्यात शिकलेली.
"तोंड नाही बघा हिला," म्हणाले,
"तुमचं गिऱ्हाईक आणि माझं एकच.
मान वळवली की कळवळतंय म्हटल्यावर
दुखणं मानेतच असणार की."

बॅटरी बारा पॉइंट सहा. बटण दाबलं, दहा चार. ठीक.
फ्यूज शाबूत. रिले टक् करतो.
पोरगा म्हणाला, "काय शोधूलायस मामा, नवा पंपच बसवू."
मी त्याला टॉर्च धरायला लावलं.
हँडल डावीकडं, सावकाश,
दुसरा हात टाकीखालच्या वायरींच्या जुडग्यात,
एकेक वायर चिमटीत धरून.
एका ठिकाणी दिवा गेला.
सोडलं, आला. ओढलं, गेला.
ती काळी वायर धरून उतरत गेलो
तर फ्रेमवरचा एक बोल्ट, बोटानं फिरणारा,
त्याखाली तांब्याची कडी, हिरवीगार.

"अर्थ लूज आहे," मी म्हणालो.

डॉक्टर चमकले. त्यांच्या भाषेतही
अर्थ म्हणजे अर्थच.
"म्हणजे हो?"
"म्हणजे गेलेला करंट परत येतो ती वाट.
तीच तुटली की सगळे खोटं बोलायला लागतात,
पंप, दिवा, डबी,
आणि खोटं बोलतोय हे त्यांना ठाऊक नसतं."
ते वाकले, नखानं हिरवं खरवडलं, वास घेतला.
"मोरचूद! मी खुरांच्या जखमेला वापरतो की हे."
"इथं हीच जखम," मी म्हणालो.

पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, नवा वॉशर, पाना.
सगळं मिळून दहा मिनिटं
आणि सहा रुपये.

मग राहिली ती गोष्ट, जी कुठल्या तक्त्यात नव्हती.
भंगाराच्या डब्यातून जुना सेन्सर काढला,
पुसला, त्यांच्या तळहातावर ठेवला.
"हा चांगला होता. निरोप्याला मी उगाच बदललं."
पोरग्यानं टॉर्च खाली केला.
डॉक्टर बराच वेळ त्या एवढ्याशा तुकड्याकडं बघत राहिले.
"ओलमणीत एका म्हशीला
तीन दिवस पोटाचं औषध पाजलं मी.
पायात काटा होता."
मग खळखळून हसले. "अर्थ आतेन्री?"

पैशांचं दोघंही बोललो नाही.
पुढच्या सर्व्हिसिंगला वळते करून घेईन
असं मी मनात म्हटलं. मनात म्हटलेलं
टिकतं का, बघायचंय.

ते निघाले. क्रॉसवरचं डावं वळण
इथून दिसत नाही, फक्त ऐकू येतं.
पोरगा काहीतरी विचारत होता.
थांब, म्हटलं. थांब जरा.