वाकळेचा दोरा

शिरोलीच्या नाक्यावरून आत, तिसऱ्या गल्लीत
चहाच्या टपरीला वळसा घातला की
दस्तगीर मुल्लाणींची फाउंड्री.
पाटी पुसट झालीय. वास नाही.
मी तिथं हिशेब लिहिते, उचगावहून येते.

पवनचक्कीवाल्या कंपनीचा फॉर्म आला,
सेहेचाळीस पानांचा.
आजवर त्यांच्या तेलपंपाची बॉडी जहाजानं यायची,
आता म्हणे जवळच्यांकडून घ्यायचं ठरलंय.
प्रश्न एकतिसावा : कामावर स्त्रिया किती?
रकान्यात एकच आकडा मावत होता.
मी अकरा लिहिलं. दुसरा एक
चौकटीबाहेर उभा राहिला,
चप्पल काढू की नको, असा.

अकराही जणी कोअरवर.
कोअर म्हणजे काय, सांगायला अवघड :
लोखंडात जिथं लोखंड नको
तिथं वाळू उभी करायची.
रस येतो, तिच्याभोवती थिजतो,
मग हातोडीनं ठोकून तिला काढतात
आणि मागं ओढ्याकडं ओततात.
राहते ती पोकळी.
तिच्यातून तेल जाणार, तेलावर दाते फिरणार,
आणि कुठल्याशा पठारावरून
कुणाच्या तरी मिक्सरपर्यंत वीज.
गुंडा सुतारांचा साचा फळीवर दिसतो,
इरफानचा रस तर गल्लीला दिसतो.
मालन आवळेनं केलेलं मात्र
माल गेटबाहेर पडतो तेव्हा
शिल्लकच नसतं.

पहिल्या वीस नगांत नऊ बाद.
कापून बघितले : वाटेच्या वळणावर फोड,
मसुरीएवढे.
आतला वायू अडकतो.
सायकलच्या तारेनं भोक पाडावं
तर तार सरळ, वाट वाकडी.
मुल्लाणी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.
मग कंपनीचा टिपणीस आला, पुण्याहून.
वाटलं, आपलं नाव खोडायला आला.
त्यानं बूट बदलले
आणि कोअर-बॉक्सजवळ बसायला पाट मागितला.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
मालननं पिशवीतून
वाकळ शिवायचा दोरा काढला, मेणातून ओढलेला.
वाळूत वळणावळणानं पुरला.
वायू सोडला, वाळूचा दगड झाला,
तेव्हा एक टोक धरून
ओढत गेली, हळू,
लेकराच्या पायातला काटा काढावा तशी.
दोरा आला.
वाट आत राहिली.

कार्डावर 'एम. आवळे' वाचून टिपणीस म्हणाला,
हे आवळे कुठं भेटतील?
"मीच की. मीच करतो."
त्यानं मान वर केली, परत कार्डाकडं बघितलं.
आमच्याकडं बायका करतो म्हणतात, येतो म्हणतात,
जेवून घेतो म्हणतात.
व्याकरण पुण्याला राहतं.
त्यानं 'श्री.' लिहून ठेवलं होतं.
पुढं 'मती' जोडायला जागा नव्हती, तरी जोडलं,
दाटीवाटीनं,
सहा आसनी रिक्षात नववी बाई बसवतात तसं.

पुढच्या वीस नगांत एकच बाद,
तोही साखळीवरून पडून.
नकाशा बदलून आला. टीप सातवी :
वायुमार्ग मेणाच्या दोऱ्यानं करावा.
कुणाच्या, ते नाही.
नकाशात माणसांची नावं नसतात, टिपणीस म्हणाला,
आणि हे म्हणताना जरा खाली बघितलं.
पण कार्ड प्रत्येक नगाबरोबर जातं.
त्यावर मी पूर्ण लिहिते आता :
कोअर - मालन दिनकर आवळे.
पहिली अडतीस किलोंची बॉडी ट्रकवर चढवायच्या आधी
तिनं भोकाला डोळा लावला.
"काय दिसतंय?"
"पलीकडचा उजेड," म्हणाली,
आणि पदरानं कड पुसली, उगाच.

बिलाला नव्वद दिवस आहेत. आज एकोणसाठावा.
मुल्लाणी रोज बँकेचा मेसेज उघडून बघतात,
मग चष्मा काढून बघतात.

दोऱ्याच्या दोन रिळांचे सत्तर रुपये
मालनला मी दिले, गल्ल्यातून.
व्हाउचरवर 'खर्चाचा प्रकार' भरायचा होता.
किरकोळ लिहायला पेन टेकवलं.
किरकोळ लिहवेना.
ते व्हाउचर अजून तसंच आहे,
ड्रॉवरमध्ये, रिळाच्या रिकाम्या पुठ्ठ्याखाली.